बरोबरीच्या दोन तारा

माझी मुलगी अकरावीत गेली त्या वर्षी मी पुन्हा नोकरी शोधायला लागले. त्याआधी काही वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम केलं होतं. मग बाबा आजारी पडले, त्याच सुमाराला नवऱ्याला रायपूरजवळच्या उरल्यात एका कारखान्यात जागा मिळाली आणि आम्ही रायपूरला आलो. माझ्यासाठी ते परत येणंच होतं. बाबांची सारी नोकरी इथल्या रेल्वेत झाली, मी इथेच वाढले. मूळ आम्ही भंडाऱ्याकडचे, पण तिकडे आता लग्नाला नाहीतर मातीला जाणं होतं, तेवढंच.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे समता कॉलनीत राहायला आली. ती रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिची चाल अजून वॉर्डातलीच आहे. स्वयंपाकघरातून गॅलरीत जायचं असलं तरी तिकडे कोणी सलाइन लावून वाट पाहत असल्यासारखी जाते. तिच्या येण्यानं घराला शिस्त आली आणि मला मोकळा वेळ मिळाला. त्या वेळात मी शिकवण्या घ्यायला लागले. आजूबाजूची शाळकरी मुलं संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून प्रोग्रामिंग शिकत. शेजारच्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, बरं आहे, तुमचाही टाइमपास होतो. मला तो टाइमपास कधीच वाटला नाही. सातवीतल्या मुलाला एखादी गोष्ट समजेल अशी सांगायची तर ती आधी आपल्याला आरपार दिसावी लागते. पुण्यात असताना ज्या गोष्टी मी नुसत्या वापरत होते त्या मला इथे, त्या टेबलाशी, खऱ्या अर्थानं कळल्या.

पण नोकरी द्यायला बसलेल्या माणसाला हे कसं दिसणार? त्याला अर्जात मधली मोकळी वर्षंच दिसतात. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. शेवटी तेलीबांधा तळ्याजवळच्या एका कंपनीतून फोन आला. मोठ्या संस्थांना, कारखान्यांना केबल कुठून कशी टाकावी याचे आराखडे काढून देणारं सॉफ्टवेअर ते बनवत होते. फोनवरची मुलगी अगदी सभ्यपणे म्हणाली की मॅम, गॅप जरा जास्त आहे, पण परीक्षा देऊन बघा. मी म्हटलं, आहे, आणि परीक्षेत काय असेल ते विचारलं. ती म्हणाली, एक प्रश्न देतील, तिथेच बसून प्रोग्राम लिहायचा.

प्रश्न कोणता असेल याचा मला अंदाज होता. जी कंपनी दिवसभर केबलचा हिशेब करते ती कमीत कमी केबलमध्ये सगळं जोडून दाखवा असंच विचारणार. कॉम्प्युटरच्या पुस्तकांत त्याला मिनिमम स्पॅनिंग ट्री म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी मी टेबलावर सराव करत बसले होते, तर मुलगी येऊन डोकावली आणि हे काय आहे म्हणून विचारू लागली. मी स्वयंपाकघरातून आठ-दहा वाट्या आणल्या आणि टेबलभर विखरून ठेवल्या.

तिला सांगितलं, ही गावं समज. सगळ्या गावांत वीज पोचली पाहिजे आणि तार कमीत कमी लागली पाहिजे. प्रत्येक गाव प्रत्येक गावाला जोडायची गरज नाही. कुठूनही कुठेही, वाटेत दुसरी गावं लागली तरी चालतील, पण पोचता आलं म्हणजे झालं. तिनं सुतळी घेतली. तोवर आईही भाजी निवडायचं ताट घेऊन आमच्यात येऊन बसली.

"जवळच्याले जवळचं जोडत जायचं, एवढंच ना?" आईनं विचारलं.

एवढंच, मी म्हटलं, फक्त फेरा होऊ द्यायचा नाही. सगळ्यांत आखूड तार पहिल्यांदा घ्यायची, मग त्याहून थोडी लांब, मग त्याहून. पण तार ज्या दोन गावांना जोडते ती आधीच दुसऱ्या कुठल्या वाटेनं जोडलेली असली तर ती तार सोडून द्यायची. ती टाकली तर नुसती वाया जाणार.

मुलीनं सुतळीचे तुकडे टाकून पाहिले आणि "मम्मी, ये तो ईज़ी है" म्हणून निकाल दिला. आमच्या घरात आई वऱ्हाडी बोलते, मी दोन्हीच्या मधलं काहीतरी बोलते आणि मुलगी सगळं समजून हिंदीत उत्तर देते.

मी म्हटलं, तुला सोपं आहे, कारण तुला वाट्या डोळ्यांनी दिसतात. मशीनला डोळे नाहीत. दोन वाट्या आधीच जोडलेल्या आहेत हे मशीननं ओळखायचं कसं? मग मी तिला युक्ती सांगितली. सुरुवातीला प्रत्येक गाव स्वतःच स्वतःचा मुखिया, म्हणजे म्होरक्या. दोन गावं जोडली की एक मुखिया दुसऱ्याच्या हाताखाली जातो. नवी तार टाकण्याआधी दोन्ही टोकांना विचारायचं, तुझा मुखिया कोण? दोघांचा एकच निघाला तर ती एकाच घरची, तार सोडा. वेगळे निघाले तर तार टाका आणि दोन्ही घरं एक करा.

आईला यात गंमत वाटली, पण डाळीची शिट्टी झाली आणि ती उठली. जाता जाता म्हणाली, "येते ना तुले हे सारं? मंग काहून एवढी बसून राहिली? जाय, साडी काढून ठेव उद्याची."

मी साडी नेसले नाही. पंजाबी ड्रेस घातला आणि स्कूटीनं निघाले. तळ्याच्या कडेला सकाळची फिरणारी माणसं पांगली होती, नव्या इमारतींच्या काचांवर ऊन चढत होतं. ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. आत सगळी मुलं माझ्या भाच्यांच्या वयाची. मला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि दोघं जण आले. एक तिशीही न ओलांडलेला, टीमचा प्रमुख. बारीक, चष्मेवाला, भराभरा बोलणारा. दुसरे पन्नाशीचे, कंपनीचे मालक, जे पहिला अर्धा तास जवळजवळ काही बोललेच नाहीत.

प्रश्न तोच होता. एका कॉलेजच्या आवारातल्या इमारती, कोणत्या दोन इमारतींमध्ये केबल टाकता येते आणि किती लांब, आणि सांगायचं होतं की कोणकोणत्या केबल टाकाव्या. तयार लायब्ररी वापरायची नाही. त्यांच्याकडे काही चाचण्या तयार होत्या. माझं उत्तर मशीनच तपासणार आणि हिरवं किंवा लाल दाखवणार.

मी लिहायला बसले. बोटांना सवय होती. आधी सगळ्या केबल लांबीनुसार लावून घेतल्या, मग मुखिया शोधायचं छोटं फंक्शन, मग ते जोडणारं, मग एक साधी फेरी: घ्या, विचारा, ठेवा किंवा सोडा. पहिल्यांदा चालवलं तर एक केबल जास्त आली. हे मला उत्तर न पाहताच कळलं. अशा झाडात, म्हणजे फेरा नसलेल्या जोडणीत, जेवढ्या इमारती त्याहून एक कमी केबल लागते, कधीच जास्त नाही. जास्त आली म्हणजे कुठेतरी फेरा झाला, आणि फेरा झाला म्हणजे मुखिया विचारण्यात चूक. पाहिलं तर खरंच तसं होतं. मी फक्त एक पायरी वर जाऊन थांबत होते. मुखियाचाही मुखिया असू शकतो, त्याच्याही वर कोणी असू शकतो. जो स्वतःच स्वतःचा मुखिया आहे तिथपर्यंत चढत जायला पाहिजे. ती ओळ सुधारली. शिकवणीतली मुलं ही चूक नेहमी करतात आणि मी त्यांना नेहमी हसते, म्हणून स्वतःशीच हसू आलं.

मग त्यांच्या चाचण्या लावल्या. पहिली हिरवी, दुसरी हिरवी. तिसरी लाल.

टीमप्रमुखानं खुर्ची पुढे ओढली. तो म्हणाला की पहिल्या दोन छोट्या होत्या, खरी परीक्षा तिसरीच आहे, बरेच लोक इथेच अडकतात. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. उलट मला समजून घेण्याचा सूर होता, आणि तोच मला जरा टोचला. त्यानं सांगितलं की हवं तर वेळ घ्या, शांतपणे पाहा.

मी शांतपणे पाहिलं. माझ्या उत्तरात कॅन्टीनला केबल वसतिगृहातून येत होती. त्यांच्या उत्तरात ग्रंथालयातून. बाकी सगळं जसंच्या तसं. मी दोन्ही उत्तरांची एकूण लांबी काढली. तीही तीच आली. तेव्हा मी प्रश्नाबरोबर आलेली माहिती उघडली आणि त्या दोन ओळी शोधल्या. वसतिगृह ते कॅन्टीन आणि ग्रंथालय ते कॅन्टीन, दोन्ही अंतरं बरोबर सारखी होती.

मला हायसं वाटलं असं म्हणता येणार नाही, कारण भीती अशी वाटलीच नव्हती. प्रोग्राम बरोबर आहे हे मला आतून ठाऊक होतं. आता कारणही हातात आलं. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"मेरा जवाब सही है," मी म्हटलं. "आपका भी सही है. जाँचने का तरीका गलत है."

त्याला ते पटलं नाही. त्यानं सांगितलं की ही चाचणी पहिल्यापासून आहे, किती तरी लोकांनी ती पास केली आहे, आताच्या टीममधले सगळे याच चाचणीतून आले आहेत. मी विचारलं की तुमचं उत्तर कोणत्या पद्धतीनं काढलं होतं. तो म्हणाला, एका इमारतीपासून सुरुवात करून जी सगळ्यांत जवळची ती जोडत जायची, अशी. मी म्हटलं, तीही पद्धत चांगली, पण बरोबरीच्या दोन तारा समोर आल्या की ती एक उचलेल आणि माझी पद्धत दुसरी उचलेल. खर्च तोच. तो म्हणाला की तरी मशीनला एकच उत्तर माहीत आहे.

वाद घालण्यापेक्षा दाखवणं बरं. मी माहितीच्या फाइलमध्ये त्या दोन ओळींची फक्त अदलाबदल केली. ग्रंथालयाची ओळ वर, वसतिगृहाची खाली. माझ्या प्रोग्रामला हात लावला नाही. त्याला म्हटलं, आता तुम्हीच चालवा.

त्यानं चालवलं. तिसरी चाचणी हिरवी झाली.

टीमप्रमुखानं ओळी पुन्हा होत्या तशा केल्या आणि चालवलं, लाल. पुन्हा बदलल्या, हिरवं. मला तेव्हा तो आवडला. दुसरा कोणी असता तर काहीतरी कारण पुढे करून विषय बदलला असता. हा स्वतःच्या चाचणीला उलटसुलट करून पाहत होता.

एवढा वेळ गप्प बसलेले मालक आता पहिल्यांदा बोलले. त्यांनी विचारलं की मग तपासायचं कसं, तुम्ही असता तर काय केलं असतं? मी सांगितलं: उत्तर जुळतं का ते बघू नका, उत्तर खरं आहे का ते बघा. दिलेल्या यादीतल्याच केबल वापरल्या का, सगळ्या इमारती पोचतात का, केबलची संख्या इमारतींपेक्षा एकानं कमी आहे का, आणि एकूण लांबी कमीत कमी जेवढी हवी तेवढीच आहे का. हे चार प्रश्न विचारले की कोणतंही बरोबर उत्तर हिरवं होईल आणि कोणतंही चुकीचं लाल. ते म्हणाले, लिहून दाखवाल? मी लिहून दाखवलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण अर्धं काम त्या मुखियाच्या फंक्शननंच केलं.

निघताना टीमप्रमुख लिफ्टपर्यंत सोडायला आला. तो जरा विचारात होता. लिफ्ट येईपर्यंत त्यानं मला एवढंच विचारलं की मॅम, लाल दिसल्यावर तुम्हाला आपलं चुकलं असं वाटलं नाही का? मी म्हटलं, वाटण्याच्या आधी मोजून पाहिलं.

घरी आले तर आई दारातच. काय झालं विचारलं. मी सांगितलं, त्यांचा पेपर चुकला होता, तो सुधारून आले. आईनं माझ्याकडे नीट पाहिलं, मस्करी करते की काय म्हणून, आणि मग मुलीला हाक मारून सांगितलं की तुझी आई मास्तरचाच पेपर तपासून आली.

चार-पाच दिवसांनी नोकरीचा फोन आला. पगाराचं बोलणं झालं, तारीख ठरली. शिकवणीच्या मुलांना मी शनिवार-रविवार या म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, डबा कोण करणार? आईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच सकाळी कणीक मळायला लागला.

पहिल्या दिवशी मला जी जागा दिली तिच्या शेजारी एक मुलगी बसली होती. पंचविशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेले, समोर पाण्याची मोठी स्टीलची बाटली. तीही त्याच आठवड्यात रुजू झाली होती. नमस्कार-चमत्कार झाला. आडनावावरून ती मराठी हे मला कळलं, मी मराठीत विचारलं, तिनं हिंदीत सांगितलं. शहराबाहेर बीरगावला राहते, वडील कारखान्यात होते, आजोबा बालाघाटच्या बाजूनं इकडे आले होते. दुपारी डबा खाताना ती म्हणाली, "दीदी, आपकी वजह से मुझे दोबारा बुलाया."

मला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. काही महिन्यांपूर्वी ती याच ऑफिसात परीक्षेला आली होती. तोच प्रश्न, तीच तिसरी चाचणी, तिथेच लाल. तिनं वेळ संपेपर्यंत आपला प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला, चूक सापडली नाही, आणि आपल्याला दिसत नाही म्हणजे आपल्यालाच येत नाही असं समजून ती उठली. धन्यवाद म्हणून निघून गेली. बीरगावात घरी सांगितलं की नापास झाले. त्यानंतर तिनं कुठेच अर्ज केला नाही. उरल्यात एका कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रकांच्या पावत्या टाइप करायचं काम धरलं. लॅपटॉप धाकट्या भावाला देऊन टाकला.

माझा इंटरव्ह्यू झाल्यावर टीमप्रमुखानं त्या चाचणीवर आपटलेल्या सगळ्यांचे जुने प्रोग्राम बाहेर काढले होते आणि नव्या तपासणीतून चालवले होते. बहुतेकांचे खरंच चुकलेले निघाले. हिचा बरोबर होता. त्यानं स्वतः फोन केला. ती म्हणाली की आधी तिला वाटलं कोणीतरी फसवतंय, म्हणून तिनं फोन कापला. त्यानं पुन्हा केला आणि आधी माफी मागितली.

"मैंने तो मान लिया था कि मुझे नहीं आता," ती म्हणाली. हे सांगताना ती डब्यातल्या भाताकडे पाहत होती.

मला त्या दिवशी नीट जेवण गेलं नाही. तिनं आणि मी एकाच तऱ्हेनं, एकच प्रोग्राम लिहिला होता, आणि दोघींना मशीननं एकच उत्तर दिलं होतं. मी तिला विचारलं की तू एकूण लांबी मोजली नव्हतीस का? ती म्हणाली, मोजली होती. दोन्हीकडे सारखी आली तेही दिसलं होतं. पण समोर बसलेले एवढे शिकलेले लोक चुकतील असं तिच्या मनातच आलं नाही. तिला वाटलं, सारखी येते यातही आपलीच काहीतरी गफलत असेल.

मी तिला समजावत बसले नाही. मोठेपणाचे चार शब्द सांगायचा मोह झाला होता, पण ज्या मुलीनं स्वतःचं बरोबर उत्तर हातात असताना वजनकाटा धरला तिला शब्दांनी काय होणार! मी फक्त टीमप्रमुखाला जाऊन सांगितलं की पहिलं काम आम्हां दोघींना एकत्र द्या. तो आनंदानं हो म्हणाला. त्याच्याही मनाला ते लागून राहिलं होतं, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही तरी दिसत होतं. तिच्याशी बोलताना तो इतरांपेक्षा जरा हळू बोलायचा.

पहिलं काम नव्या रायपूरच्या एका संस्थेचं आलं. मोठं आवार, वसतिगृहं, प्रयोगशाळा, एक छोटा दवाखाना, मधून जाणारा रस्ता. सगळ्या इमारतींना फायबर केबल पोचवायची होती. आम्ही दोघींनी तिथे जाऊन पाहणी केली. उन्हानं जीव नको झाला. कागदावरचं सरळ अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांत फार फरक असतो. मध्ये नाला आला की वळसा, रस्ता आला की खालून बोगदा, आणि बोगद्याचा खर्च वेगळा. म्हणून आम्ही लांबीऐवजी खर्चच प्रत्येक तारेवर लिहिला. प्रोग्राम तोच, फक्त तारेवरचा आकडा बदलला. तिनं पाहणीची माहिती भरायचं काम इतकं नेटकं केलं की मला परत तपासावं लागलं नाही. तरी मी तपासलं, सवय आहे.

आराखडा तयार झाला आणि आम्ही तो दाखवायला गेलो. संस्थेचे बांधकाम बघणारे साहेब, त्यांचे दोन सहकारी, आमचा टीमप्रमुख, आणि आम्ही दोघी. मी पडद्यावर आराखडा दाखवला आणि सांगितलं की याहून कमी खर्चात सगळ्या इमारती जोडल्या जाऊच शकत नाहीत. हे मी पैजेवर सांगू शकत होते. साहेब खूश झाले. त्यांना कमी खर्चच हवा होता, आणि बैठक तिथेच उठण्याच्या बेतात आली.

तेवढ्यात ती म्हणाली, "सर, एक मिनट."

सगळे तिच्याकडे पाहू लागले, मीही. ती उठून पडद्यापाशी गेली. तिनं रस्त्याखालून जाणारी एकच केबल बोटानं दाखवली आणि म्हणाली की हा रस्ता उद्या कोणीतरी खणणार, कारण इथले रस्ते खणले जातातच. ही एक केबल तुटली तर पलीकडची सगळी वसतिगृहं आणि दवाखाना एकदम बंद पडतील. आराखडा स्वस्त आहे, पण यात दुसरी वाटच नाही. आवाराच्या मागच्या बाजूनं एक जादा केबल टाकली तर दोन्हीकडून पोचता येईल.

मी तिला तिथेच म्हटलं की काम कमीत कमी खर्चाचं होतं, जादा केबल म्हणजे ते कमीत कमी राहणार नाही. हे मी सगळ्यांसमोर म्हटलं, आणि म्हणताना आवाजात थोडी धार होती हेही मला कळलं. काही महिन्यांपूर्वीची ती असती तर खाली बसली असती. ती बसली नाही. तिनं माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, सांगितलं की दीदी, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण यांनी विचारलेलं आणि यांना लागणारं वेगळं आहे. मग साहेबांकडे वळली आणि विचारलं की दवाखाना किती वेळ बंद राहिला तर चालेल?

साहेबांनी दोन्ही आराखडे मागून घेतले, जादा केबलचा आणि बिनजादा केबलचा, खर्चासकट. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून जादा केबलवालाच मंजूर होऊन आला.

परत येताना गाडीत टीमप्रमुख पुढे बसला होता, आम्ही दोघी मागे. तिनं विचारलं, "दीदी, बुरा तो नहीं लगा?"

मी म्हटलं, लागलं असतं, तू चुकीचं बोलली असतीस तर. पुढे बसलेला टीमप्रमुख हसला आणि म्हणाला की आता तिसरी चाचणी मी कोणालाच देत नाही, भीती वाटते. मग तळ्यापाशी गाडी थांबवून त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

मला तेव्हा काय वाटलं ते सरळच सांगते. अभिमान वाटला, तिचा आणि थोडा माझाही. माझ्या प्रोग्रामनं सगळ्यांत स्वस्त झाड बरोबर काढून दिलं होतं, त्यात तसूभर फरक नव्हता. आणि त्याच झाडात कुठे धोका आहे ते तिनं दाखवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, कोणाचं काही कमी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तर ती माझ्या आधी येऊन बसली होती. कमजोर केबल, म्हणजे तुटली तर पलीकडचं सगळं बंद पाडणारी, आपोआप शोधून काढायचं आणि तिला दुसरी वाट सुचवायचं फंक्शन तिनं लिहायला घेतलं होतं. दुपारपर्यंत पूर्ण केलं आणि मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि तिला सांगितलं की एका ठिकाणी चुकतंय, त्याच दोन इमारतींमध्ये आधीच दोन केबल असतील तर तू त्याही कमजोर धरतेस. ती म्हणाली, नाही दीदी, बरोबर आहे. मी म्हटलं, चालवून दाखव. तिनं खुर्ची ओढली, बाही वर केली आणि आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. त्या वेळेला माझं बरोबर निघालं.